अॅमस्टरडॅम ते फ्रँकफर्ट, एक तास पाच मिनिटं

माझ्या उजव्या हाताची करंगळी अजून नीट मिटत नाही. दादाच्या दातांमुळं. मारताना मला ते लागलंसुद्धा नव्हतं.

बाबा कोल्हापुरात आयसीयूत होते. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस काढतील. आम्ही दोघं भाऊ अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ नोव्हायला, गाड्यांच्या कंपन्यांत इंजिनिअर. तिकिटांचं काम दादानं अंगावर घेतलं. तो सगळंच अंगावर घेतो आणि मग मी कसा बिनकामाचा ते ऐकवतो. सरळ तिकीट मिळेना, म्हणून त्यानं वेगवेगळी तिकिटं जोडली: डेट्रॉइट ते अॅमस्टरडॅम, तिथून फ्रँकफर्ट, तिथून मुंबई.

"मधलं जमेल का रे?" मी विचारलं.

"तीनशे पासष्ट किलोमीटर. मुंबई-कोल्हापूर एवढंच. फ्लाइट एक तास पाच मिनिटं, हातात चार तास. एक्सेल केलंय मी. तू फक्त बॅग भर."

मी बॅग भरली.

डेट्रॉइटला काउंटरवरच्या बाईनं दादाचा अमेरिकन पासपोर्ट बघितला, बोर्डिंग पास दिला. माझा भारतीय पासपोर्ट मात्र उलटसुलट करत बसली. युरोपातल्या एका विमानतळावरून युरोपातल्याच दुसऱ्यावर जायचं, म्हणजे युरोपात शिरायचं. व्हिसा कुठंय? दादाला सिटिझनशिप मिळाल्यापासून व्हिसा नावाची भानगड असते हेच तो विसरला होता. किलोमीटर बघितले, मिनिटं बघितली, सख्ख्या भावाचा पासपोर्ट बघितला नाही शहाण्यानं!

आणि वर म्हणतो काय, "अरे यार, तू चेक करायला पाहिजे होतंस ना!"

माझं टाळकंच सरकलं. सगळा जोर लावून तोंडावर ठोसा घातला. ओठ फाटला, रक्त शर्टभर. त्यानं कॉलर धरून मला ट्रॉलीवर आपटलं, मी त्याच्या पोटात गुडघा घातला. चाळिशी उलटलेले दोन बाप्ये बॅगांवर लोळत होतो आणि लोक लेकरं मागं ओढत होते. मला तेव्हा त्याचा जीव घ्यायचा होता, खोटं कशाला सांगू?

पोलिसांनी आम्हाला सोडवलं. वाटलं, आता दोघंही अडकलो. दादा रक्त गिळत त्यांना म्हणाला, "तक्रार नाही. धाकटा भाऊ आहे माझा. आमचे वडील चाललेत."

त्याला विमानात बसू दिलं. मला पार्किंगपर्यंत पोचवलं. गाडीत बसून मी सुजलेल्या हातानं स्टिअरिंग बडवत राहिलो. नवं तिकीट मिळालं ते चार दिवसांनंतरचं.

आयसीयूत भेटायची वेळ संध्याकाळी पाचची, म्हणजे आमच्याकडं सकाळी साडेसात. दादा पोचला आणि त्यानं व्हिडिओ लावला. नर्सनं बाबांचा मास्क जरा बाजूला केला. ते दादाच्या ओठाकडंच बघत होते.

"कुणी मारलं?"

"पडलो, बाबा."

"गप. बारक्यानं मारलंय."

लहानपणी मोठ्यावर हात उचलला की बाबांचा पट्टा ठरलेला असायचा. कारण सांगायची सोयच नव्हती. ते स्क्रीनकडं वळले. आवाज पार गेला होता, पण डोळे तेच.

"मोठ्यावर हात टाकतोस? ये हिकडं. फोडून काढतो तुला."

"येतो बाबा," मी म्हणालो. "लगेच येतो."

दुसऱ्या दिवशी ते गेले. मी अजून नोव्हायलाच होतो. मार खायला बोलावलं होतं त्यांनी मला, आणि तेवढ्यालाही मी पोचलो नाही.