अंगणातला दर्शनमंडप

राजापेठेत गच्चीसाठी ताडपत्री घेत होते. दुकानदारानं घडी उलगडली आणि त्या उग्र वासासरशी मी दर्यापूरच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

बाबा तिथल्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. प्रार्थनेची भाड्याची खोली मालकानं परत मागितली, तेव्हा त्यांनी अंगणातल्या कडुनिंबांना निळी ताडपत्री बांधली. म्हाताऱ्या सखूबाई बाहेरच थबकल्या. "पास्टर, अशा पालात देव येईन का?"

"बाई, मोशेच्या लोकाईपाशी तरी कुठी घर होतं?" बाबा म्हणाले. "रानात दर्शनमंडप म्हणून तंबू ठोकला, अन् देव त्याइच्या मधात येऊन राहिला. लोकं निघाले का तोही निघे."

सखूबाई चपला काढून, वाकून आत आल्या. उन्हात सगळ्यांचे चेहरे निळसर दिसत होते. रस्त्यावरून मैत्रिणी पाहतील म्हणून मी सतरंजीवर बाबांच्या पाठीमागे लपून बसले आणि देवाकडे पक्कं चर्च मागितलं.

ते मिळालं. अमरावतीत मी आता संगमरवरी फरशीच्या चर्चमध्ये जाते. देव तिथंही असतो, यात मला शंका नाही. पण बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि डोळे मिटले की मी त्यांच्या पाठीमागची ती सतरंजीवरची जागाच मागते.