चौथ्या भिंतीचा रंग

घर रंगवलं की रंग उरतोच. डब्याच्या तळाशी चार बोटं राहतो, माळ्यावर चढतो आणि तिथे साय धरून वाळतो. असा रंग वाया जाऊ नये म्हणून खटपट करणारी एक संस्था होती. बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये तिचा कारभार चाले. उरलेल्या फरशा, उपटून काढलेली दारं, बेसिनं, पडद्यांचं कापड, जे मिळेल ते गोळा करायचं आणि गरजवंताला फुकट द्यायचं. त्यातला रंगाचा कोपरा मावशींचा.

मावशींना सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे खरं तर त्या कुणाच्याच मावशी होऊ शकत नव्हत्या. पण शेडमध्ये सगळे मावशीच म्हणत. कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून आयुष्य काढलेलं. नवरा केव्हाच गेला होता. मुलगा लांब राहायचा, रविवारी न चुकता फोन करायचा, जेवलीस का विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरंच काही बोलायला लागायचा. त्याला वाईट म्हणण्यात अर्थ नाही. घाईत असलेली माणसं अशीच प्रेम करतात.

काम मावशींना आवडायचं. मिळतेजुळते रंग पिंपात ओतायचे, फडक्यातून गाळायचे, ढवळत राहायचं. दहा घरांचा पांढरा एकत्र झाला की त्यातून जो पांढरा निघतो तो जगात दुसरीकडे मिळत नाही. पिंप रिकामं झालं की ती छटा गेली. म्हणून शेडचा नियम असा, की माणसाला खोलीचं माप विचारायचं आणि पुरेल एवढा रंग एकाच खेपेला द्यायचा.

आणि नेमकं तेच मावशींच्या जिवावर यायचं. माणसं येत, बादली उचलत, थँक्यू म्हणत आणि जात, ती कायमची.

एकदा वसतिगृहाच्या सुताराला त्यांनी खरोखरच चुकून रंग कमी दिला. दुसऱ्या दिवशी तो कुरकुरत परत आला, पण मग स्टुलावर बसला, चहा प्यायला, जावयाची यथेच्छ निंदा केली आणि तासाभराने उठला. मावशींचा तो आठवडा बरा गेला. पुढच्या वेळी त्या चुकल्या नाहीत. त्यांनी जाणूनबुजून हात आखडता घेतला, आणि राहिलेला रंग छोट्या बादलीत भरून टेबलाखाली ठेवला. माणूस परत आला. मग सवयच लागली. शेड चालवणारी ताई डोळ्यांत तेल घालून सगळ्यावर नजर ठेवायची. हे तिला कळलं असतं तर कोपरा गेला असता, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या थांबल्या नाहीत.

मग एक नर्स आली. आईला हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं, त्याआधी खोली रंगवायची होती. फिकट पिवळा हवा होता. बोलायला मोकळी, हसरी. मावशींनी तीन भिंतींपुरता रंग दिला आणि वाट बघत बसल्या.

नर्स आलीच नाही. आठवडा गेला, दुसराही गेला. टेबलाखालची बादली येता-जाता त्यांच्या पायाला लागायची. शेवटी पत्ता काढून, बादली आणि ब्रश घेऊन त्या स्वतःच निघाल्या.

दार उघडलं तेव्हा नर्स रात्रपाळी करून आलेली, डोळे तारवटलेले. मोजायला चुकले, असं मावशी म्हणाल्या. नर्सने ते सहज मानलं. पुन्हा सुट्टी मिळेना म्हणून ते तसंच राहिलं, म्हणाली. मावशींनी भिंत आपणच रंगवते म्हटल्यावर ती नको नको म्हणत शेजारच्या खोलीत गेली आणि लगेच झोपली.

आई कॉटवर उशांना टेकून बसली होती. समोरच चौथी भिंत, पोपडे आलेली, ओलीचे डाग पडलेली.

"बाकीच्या तीन भिंती बघायला मला मान वळवावी लागते," म्हातारी म्हणाली. "ही तेवढी आयती दिसते."

मावशींनी वर्तमानपत्रं पसरली. पोपडे खरवडले आणि कामाला लागल्या. म्हातारी पडल्या पडल्या मुकादमी करत होती. तिकडे राहिलं, इकडे जाड झालं, हात आहे की झाडू. मावशीही तिला गप्प बसवत होत्या. दुपार कशी सरली ते कळलं नाही.

भिंत संपत आली तेव्हा म्हातारीने आवाज खाली आणला.

"मोजायला चुकलात की मुद्दाम?"

मावशींचा ब्रश थांबला. "मुद्दाम."

"वाटलंच मला." म्हातारीने शेजारच्या खोलीकडे कानोसा घेतला. "मी तहान नसताना पाणी मागते. ती उठून येते ना, म्हणून. तिला सांगू नका हं. दमते बिचारी."

मावशी उरलेला कोपरा रंगवू लागल्या. तारवटलेल्या डोळ्यांची ती मुलगी, मागितलेली पण न मिळालेली सुट्टी, आणि या बाईने इतके दिवस बघितलेले ते डाग. आपण नेमकं काय घेतलं आणि कुणाचं, हे त्यांना आता स्वच्छ दिसत होतं.

नर्स उठली, भिंत बघून खूश झाली. चला, आता काही राहिलं नाही, म्हणाली. म्हातारी, सगळे म्हणतात तसं, या हं कधी, म्हणाली. कशासाठी यायचं, ते दोघींनाही सुचलं नाही.

सोमवारी शेडमध्ये एक नवराबायको आले. स्वयंपाकघर रंगवायचं होतं. मावशींनी माप विचारलं, मोठी बादली घेतली आणि काठोकाठ भरली. वर आणखी एक डबा दिला.

"कमी पडला तर येऊ ना, मावशी?" बाईने विचारलं.

"नाही पडणार," मावशी म्हणाल्या, आणि झाकण दाबून बसवलं.