दात उमटलेली पुतळी

सराफ्यातून आले, की गणपतकाका स्वतःच्या घराचं कुलूप काढायच्या आधी आमच्या ओट्यावर बसत. "सूनबाई, वाटीभर रिठ्याचं पाणी द्या," म्हणत. कनवटीची पुतळी त्यात चोळून धूत, डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "ही न्हाई."

पुतळी म्हणजे मूर्तीचा छाप असलेलं जुनं सोन्याचं नाणं. बायका माळेत ओवतात. निजामाच्या अमलातलं आमचं जालना. काका जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. शेजारी त्यांची एकच खोली, एकच ताट. ह्या एकट्या पुरुषाला पुतळ्या कशाला हव्यात? मी तोंडाची फटकळ. विचारलंच.

"बायकोची माळ होती. तिच्या दुखण्यात मोडली," ते म्हणाले. "लेकीला तवा दात येऊन राह्यले होते. एक पुतळी सारखी चावायची. सोनं मऊ. खालच्या दोन दातांच्या खुणा बराबर उमटल्या होत्या."

त्याच साली मायलेकी दोघी गेल्या. काका ती पुतळी शोधत होते.

मोडीत पुतळी आली, की वितळवायला मुशीत टाकायच्या आधी सराफ त्यांना निरोप धाडी. पण वर्षानुवर्षांचा मळ धुतल्याशिवाय खुणा कुठल्या दिसायला! सराफ म्हणे, आधी घ्या, मग धुवा. काकांपाशी पैसा एकाच पुतळीपुरता. नवी आली, की जुनी परत द्यायची. "भाव नुसत्या सोन्याचा, सूनबाई. घडणावळ बिलकुल न्हाई. थोडी घट जाती, तेवढाच खर्चा." मात्र परत द्यायला निघताना पुतळी हातात धरून थबकत. "हिचंबी कुणीतरी असंल," म्हणत. मला गलबलून येई. मी उगाच भांड्यांचा आवाज करी.

पुढं माझी लेक रांगायला लागली. काका तिला कधी उचलून घेत नसत. एके दिवशी ते पुतळी धूत बसले होते, तर ही बया सरळ त्यांच्या मांडीवर चढली आणि पुतळी तोंडात! मी किंचाळले, "अगं बाई, गिळेल ती!" बोट घालून पुतळी काढली. चांगली कचकचून चावली होती.

काकांनी ती धोतराला पुसली. डोळे मिटले. अंगठा फिरला आणि थांबला. मी "ही न्हाई" ऐकायची वाट बघत राहिले.

"हिला खालचे दोनच दात आलेत काय?" त्यांनी विचारलं.

"होय काका."

ते ढसाढसा रडले. मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "माझी कवाच मुशीत गेली असंल. कळत का नव्हतं मला? मंग ही ठिवू का मी?"

पुतळी त्यांचीच, आणि विचारत होते मला! त्यानंतर ते सराफ्यात गेले नाहीत. संध्याकाळी लेक त्यांच्याच ओट्यावर सापडे.

काका वारले तेव्हा रडायला त्यांचं असं कुणी नव्हतं. मृताच्या तोंडात सोनं ठेवतात, म्हणून मी त्यांच्या कनवटीची पुतळी काढली. आळीतले एक वडीलधारे म्हणाले, "अख्खी पुतळी कोण जाळतं? गुंजभर पुरे. बाकीची मोडा, लाकडांचा खर्चा निघेल."

"लाकडं मी देते," मी म्हणाले. "ही मोडायची नाही."

माझ्याच हातानं ती त्यांच्या तोंडात ठेवली. लेक दारात उभी होती. तिचे दुधाचे दात तेव्हा पडायला लागले होते.