खिळ्यावरचा उष्टा नान

उझबेकिस्तानातल्या मार्गिलान गावच्या त्या अंगणात द्राक्षांचा मांडव एकच, पण शिकवण्या दोन. एका टोकाला होसियत आपा, दुसऱ्या टोकाला तिची धाकटी जाऊ मुहैयो. दोघीही मुलींकडून इंग्रजीच्या परीक्षेचे प्रश्न सोडवून घेत. आधी सगळा मांडव आपाचाच होता. मुहैयो सून होऊन आली, वर्षभर अंगण झाडलं, पाहुण्यांना चहा दिला आणि एके दिवशी स्वतःचा फळा टांगून बसली.

आपाची शिस्त करडी. "जेवणाच्या दस्तरखानावर पाहुणे ओळीने मांडी घालून बसलेत," ती सांगे, "त्यात एकच उभा असला तर डोळ्यांत खुपतो ना? वाक्याचंही तसंच. 'पोहणं, धावणं आणि घोडा हाकायला', यात उभा कोण? त्याला खाली बसवेल तो पर्याय बरोबर."

वाक्प्रचार मात्र घोकायचे. कुठल्या शब्दामागे 'इन', 'ऑन'सारखा कुठला चिमुकला शब्द येतो, त्याचं कारण विचारायचं नाही. एखादीने विचारलंच तर आपा म्हणे, "काही माणसं घरात का आली, हे तरी मी कुठे विचारते? आली, बस्स!" तेही मांडवापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात.

पलीकडे मुहैयो नुसती हसे. ती चारही पर्याय मोठ्याने वाचायला लावी. कानाला टोचेल ते खोडा म्हणे. पोरी हसत हसत शिकत. हळूहळू आपाच्या गाद्या रिकाम्या पडल्या. उरली ओयदिन, सगळ्यांत हुशार. तीही अधूनमधून पलीकडे बसू लागली, तेव्हा आपाच्या छातीत तंदूर पेटला. नमाजाला उभी राहिली तरी कान पलीकडच्या हसण्याकडे. तौबा करायची आणि पुन्हा ऐकायची. ओयदिन पास झाली की मोहल्ला विचारणार, ही कुणाची शिष्या? त्या उत्तरात आपाचा जीव अडकला होता.

प्रवासाला निघणाऱ्याने नानाचा एक घास चावायचा, उरलेला खिळ्याला टांगायचा आणि परतल्यावर त्यानेच संपवायचा; आपलं उष्टं अन्न माणसाला ओढून आणतं. परीक्षेला ताश्कंदला जाणाऱ्या मुलींनी हा घास शिक्षिकेकडे चावायचा, ही रीत अंगणात आपानेच पाडली होती. ओयदिन निघायच्या सकाळी आपाने ताजा नान भाजला आणि दारात वाट पाहत बसली. ओयदिन आलीच नाही. शेवटी आपा मुहैयोच्या स्वयंपाकघरात डोकावली, तर खिळ्यावर नान, कडेला दातांची कोर.

दुपारी मुहैयो शेजारी गेली. आपाने नान उतरवला, रुमालात गुंडाळला आणि आपल्या खिळ्याला टांगला.

संध्याकाळी मुहैयो कोंबड्यांच्या खुराड्यात वाकून शोधत होती, डोळे पुसत होती. "आपा, ओयदिनचा नान गेला हो! मांजराने नेला की काय! पोरगी तिकडे परीक्षेला, आणि इकडे हा अपशकुन. तिच्या आईला काय तोंड दाखवू?"

आपाने भांडणाची तयारी ठेवली होती. हे रडणं तिने गृहीतच धरलं नव्हतं. पोरीसाठी ही बाई खुराड्यातही हात घालतेय, आणि नान उतरवताना आपल्याला पोरगी आठवलीसुद्धा नाही! ती आत गेली आणि रुमाल घेऊन आली.

मुहैयोचं रडणं जागीच थांबलं. "मोठ्या आहात म्हणून किती गिळू, आपा? शिष्या हवी तर खुशाल न्या. तिचं परतणं कशाला पळवता?"

"जागेवर टांग," आपा म्हणाली. "आणि जरा उंच. मांजराचा भरवसा आहे, माझा नाही."

मुहैयो हसली नाही. तिने नान टांगला आणि दाराला कडी घातली.

परीक्षा देऊन ओयदिन परतली ती थेट मांडवाखाली. शेजारणी जमल्याच. "पेपर सोपा गेला म्हणे! शिकवलं कुणी गं, आपांनी की मुहैयोने?" ओयदिन एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. "आधी माझा नान द्या ना," ती पुटपुटली. "कुठंय?"

मुहैयोने आपाकडे पाहिलं. मग सगळ्याच तिकडे बघू लागल्या.

"मुहैयोकडे," आपा म्हणाली, शेवटच्या शेजारणीलाही ऐकू जाईल असं. शेजारणींना दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकदमच मिळालं. "चहा मात्र माझ्याकडचा," ती लगेच म्हणाली आणि कुणी नको म्हणायच्या आत पाणी ठेवायला वळली.