विमानात निवडलेली बाळंतशेप

लेक बंगळूरला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे घेतली, उद्याच सकाळी. मी फोनवर म्हटलं, "रेल्वेने येते." ती म्हणाली, "आई, तू पोचेपर्यंत नातवंड घरी आलेलं असेल. तुझ्या जावयांनी विमानाचं तिकीट काढलंय."

द्राक्षं पॅक करायला मी ओझरच्या विमानतळाजवळूनच पिंपळगावला जाते. विमान वर चढताना दिसलं की टेम्पोत मी मान खाली घालते. लहानपणी जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात मी इतकी किंचाळले होते की तो थांबवावा लागला. सगळी जत्रा हसली. मरायची भीती होतीच, पण तशी चारचौघांत पुन्हा किंचाळले तर, याची जास्त होती. हे मी कुणाला सांगितलं नाही.

बसल्यावर पट्टा शेजारच्या बाईंनीच लावून दिला. बुरखा घातलेल्या, माझ्याच वयाच्या, नाशिक रोडच्या. विमान धावायला लागलं तसा मी पदराचा बोळा तोंडात धरला. दुसऱ्या हातात पिशवीतली बाळंतशेपेची पुडी घट्ट आवळलेली. पुढचं चाक उचललं आणि मी पुन्हा जत्रेतल्या त्याच पाळण्यात बसले. घशापर्यंत आवाज आला.

"बाळंतशेप ना ती?" बाई म्हणाल्या. "लेकीकडे?"

मी मान हलवली.

"आणि न निवडताच चाललात? बाळंतीण जेवणावर शेप खाणार की काड्या?"

मला इतकी लाज वाटली की किंचाळायचं राहूनच गेलं. निघताना घाईत घेतली होती, निवडायला वेळच मिळाला नव्हता. त्यांनी मांडीवर रुमाल पसरला, पुडी ओतली आणि अर्धी शेप माझ्या पदरात टाकली.

"काड्या दिसतील त्या काढा. खड्यांना माझी नजर चांगली आहे."

आम्ही निवडत बसलो. मध्येच विमान दणकन हाललं. मी वर बघितलं.

"अहो ताई, खाली बघा, खडा सुटेल! मी पहिल्या वेळी पुढच्या माणसाच्या टोपीवर ओकले होते. तुम्ही बऱ्याच म्हणायच्या."

मला हसू आलं. विमानात, ढगांच्या वर, मी हसले.

उतरल्यावर त्यांनी सगळी शेप रुमालात बांधून माझ्या हातात दिली आणि गर्दीबरोबर पुढे गेल्या. मी नावही विचारलं नाही. आभार मानायला तोंड उघडेपर्यंत त्या दिसेनाशा झाल्या. माझं नेहमीच असं होतं, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

दुसऱ्या दिवशी लेकीला आत नेताना तिचा हात माझ्या हातात होता. नात झाली. पुढे लेक जेवायला लागल्यावर शेप चावत म्हणाली, "एक खडा लागला नाही गं."

"दोघींनी निवडलीय," मी म्हटलं.

महिन्याने तिने विचारलं, "जाताना रेल्वेचं तिकीट काढू ना?"

"विमानाचंच काढ," मी म्हटलं. "फक्त शेजारी बाईमाणूस मिळतं का बघ. आणि थोडी मेथी दे बरोबर, न निवडलेली."