मधल्या खुर्चीतली बाई

"कुठल्या तुम्ही?" असं कुणी सहज विचारलं तरी दुभाषीबाई विषय बदलायच्या. वडील एका मुलखाचे, आई दुसऱ्याची, शाळा झाली तिसऱ्याच देशात आणि लग्न होऊन त्या आल्या चौथ्या देशात. आजोळचे लोक त्यांना बापाच्या वळणावर गेलेली म्हणत, आणि वडिलांकडचे आईच्या. भाषा भरपूर आल्या, पण कुठल्याही भाषेत तोंड उघडण्याआधी आपलं काही चुकणार ही धास्ती असायचीच.

आधीच्या देशात त्या शाळेत शिकवत. इथे त्या पदवीला कुणी विचारेना. मग बेकरीत पाव भरले, हॉटेलच्या चादरींना इस्त्री केली. जिथे जातील तिथे त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "मिळेल ते करीन." छापखान्यात काम करणारा नवरा एकदा म्हणाला, "अगं, हे वाक्य ऐकलं की समोरचा तुला उरलंसुरलंच देणार." त्यांना ते झोंबलं, पण वाक्य काही सुटलं नाही.

पुढे भाषांच्या जोरावर रोजगार कचेरीत दुभाषाचं काम मिळालं. टेबलाच्या एका बाजूला अधिकारीबाई, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेला कुणी गरजू आणि मधल्या खुर्चीत या. नियम सोपा होता. जे बोललं जाईल तेच इकडून तिकडे न्यायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

एके दिवशी समोर एक थोराड माणूस बसला. मान खाली, टोपी मुठीत चुरगाळलेली. काय काम येतं असं विचारल्यावर तो म्हणाला, मिळेल ते करीन. हे तर बाईंचंच वाक्य. बाहेर बाकावर बसलेला असताना याच माणसाने त्यांना सांगितलं होतं की बर्फाच्या कारखान्यातल्या यंत्रांचा बिघाड तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. त्यांनी अधिकारीबाईंना सांगून टाकलं, "हे शीतयंत्रांचे कारागीर आहेत. त्याच कामाच्या शोधात आहेत."

माणसाला शीतगृहात काम लागलं, आणि बाईंची झोप उडाली. कचेरीतला फोन वाजला की त्यांना वाटायचं, आलं आपलं बिंग बाहेर. शेवटी ते बाहेर आलं त्या माणसामुळेच. आभार मानायला तो कचेरीत आला आणि मोडक्यातोडक्या भाषेत अधिकारीबाईंना म्हणाला की मी बोललोच नव्हतो ते या बाई बोलल्या.

अधिकारीबाई ओरडल्या नाहीत. दार लावून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला ते काम जमलं नसतं, तर जबाबदार कोण? तो, तुम्ही की मी?" महिना संपायच्या आत ती खुर्ची गेली.

दोन दिवसांनी जेवताना नवरा म्हणाला, "लोकांना मार्गाला लावायची तुला खाजच आहे, तर रीतसर शीक की." बाईंना आधी राग आला, मग ते डोक्यात घोळायला लागलं. शहरात करिअर कोच तयार करणारा एक वर्ग चालायचा. आयुष्यात आणि कामात अडकलेल्या माणसाला पुढचं पाऊल शोधायला मदत करायची, हा धंदा. बाईंनी नाव घातलं. तिथे सगळ्यांत वयस्कर त्याच, आणि उच्चारावरून माना वळायच्या त्याही त्यांच्याकडेच.

शिकवणारे गृहस्थ पहिल्याच सरावानंतर म्हणाले, "तुम्ही ऐकत नाही. समोरचा बोलत असतो तेव्हा तुम्ही उत्तर तयार करत असता." बाईंनी ते लिहून घेतलं, परीक्षेतही लिहिलं, पण अंगात मुरलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते दवाखान्याच्या धुलाईघरातलं. ती बाई आपल्या देशात कापड बेतणारी होती, नाटकाचे पोशाखसुद्धा तिने बेतले होते. ते ऐकलं मात्र, कोचबाईंचा घोडा चौखूर सुटला. एका शिवणकामाच्या कारखान्यात माणसं हवी होती. त्यांनी पत्ता दिला, बोलायचं कसं ते पढवलं आणि धुलाईघरात आयुष्य घालवू नका असं निक्षून सांगितलं. ती बाई मध्येच दोनदा "पण ताई…" म्हणाली. त्या 'पण'ला हाताने वारत कोचबाई म्हणाल्या, "घाबरायचं नाही."

तिने नोकरी सोडली. त्यानंतर फोन बंद.

कोचबाईंनी निरोप धाडले, उत्तर नाही. बाजाराला म्हणून निघाल्या आणि पाय दवाखान्याच्या मागच्या गल्लीकडे वळले. धुलाईघराच्या वाफाळलेल्या काचेतून पाहिलं, तर तिच्या जागी दुसरीच कुणी चादरी घडी घालत होती. अधिकारीबाईंचा तो प्रश्न आता दिवसभर कानात घुमायला लागला. जेवण जाईना. आपण हा धंदाच बंद करावा असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कर," तो म्हणाला, "पण आधी तिला भेटून ये."

कोचबाई तिच्या घरचा जिना चढल्या. दार तिनेच उघडलं. आत घेतलं, पाणी दिलं, समोर बसली. बाईंनी वाटेत घोकलेली माफी अर्धीमुर्धी बाहेर पडते न पडते तोच तिने थांबवलं.

"नोकरी मी सोडली," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं म्हणून सोडायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? राग त्याचा नाहीच."

"मग?"

"त्या दिवशी मी एक सांगायला आले होते. कात्री धरली की माझा हात थरथरतो. तिकडे असतानाच सुरू झालं. घरात कुणाला ठाऊक नाही. म्हणून तर चादरींचं काम धरलं होतं. कारखान्यात त्यांनी कापड पुढे ठेवलं आणि सगळ्यांसमोर कापायला सांगितलं." तिने पाण्याचं भांडं बाजूला सारलं. "तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत, ताई."

बाईंच्या ओठांवर लगेच शब्द आले. डॉक्टर, औषध, दुसरं काम, तिसरं काम. त्यांनी ते दाताखाली धरले. खाली रस्त्यावर कुणी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होईना. मग बाईंनी हळूच विचारलं, "सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते?"

ती बराच वेळ रडली आणि मग बोलायला लागली. दिवे लागेपर्यंत बोलत होती. निघताना बाईंनी सल्ला दिला नाही, पुन्हा येऊ का एवढंच विचारलं.

त्यानंतर त्या बऱ्याचदा गेल्या. तिने आपणहून घरात सांगितलं, डॉक्टरला दाखवलं. थरथर कमी झाली, गेली नाही. मधले काही महिने घरात फार ओढाताण झाली, आणि बाईंचाही जीव टांगणीला लागलेला असायचा. शेवटी त्याच कारखान्यात जाऊन तिने तयार कपडे तपासायचं काम मागितलं. ते तिचं तिलाच सुचलं होतं. शिवण कुठे ओढली जाते हे तिला बोट फिरवून कळायचं. त्यांनी तिला ठेवून घेतलं.

आज औषधाच्या दुकानावरच्या खोलीत कोचबाईंची पाटी आहे. बाहेरून आलेली कितीतरी माणसं तो जिना चढतात. बरीचशी धाडते ती कपडे तपासणारीच. पाठवताना बजावते म्हणे, सल्ला मागू नका, तो मिळत नाही.

धास्ती मात्र गेलेली नाही. परवा एक तरुण हिशेबनीस आला, सगळं बोलला आणि शेवटी चिडून म्हणाला, "मग मी करू काय ते सांगा ना." बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्यांनी उलट विचारलं, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" तो खुर्ची मागे सारून निघून गेला. खिडकीतून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत त्या पाहत उभ्या राहिल्या, आणि आठवडाभर नवऱ्याला जेवणात कधी मीठ जास्त, कधी अजिबात नाही, असं खावं लागलं.

पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी तो जिना चढून आला, बसला, आणि म्हणाला, "थोडं सुचलंय. पण घाई करू नका."