पेपरातून गळालेलं ‘कदाचित’

नशिराबादच्या नासीर पिंजाऱ्याची कशिश पुण्यात उंदरांच्या मेंदूतल्या पेशी वाढवते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कशासाठी वाढवते, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं, आणि तेच बरं होतं.

घोळ घातला पेपरवाल्याने. तिच्या प्रयोगशाळेचा शोधनिबंध छापून आला, त्यात तिचंही नाव होतं, अगदी शेवटाकडे. बातमीदाराचा फोन आला. तिने जीव तोडून समजावलं: मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात, ते निरोप घेणारे रिसेप्टर असतात. ते एका जागी बसून राहत नाहीत, पेशीच्या आतबाहेर त्यांची ये-जा चालते. त्यांना जागेवर धरून ठेवतं एक आधाराचं प्रोटीन. अब्बा गादीला टाके घालतात म्हणून कापूस एका कोपऱ्यात गोळा होत नाही, तसंच. फरक इतकाच, की हा टाका आपला आकार बदलतो. प्रोटीन उघडलं की रिसेप्टरना धरतं. मिटलं की ते सुटतात, पेशी त्यांना आत ओढून घेते आणि निरोप क्षीण होतो.

“पण मॅडम, याचा उपयोग काय?”

“पुढेमागे विसरण्याच्या आजारात, कदाचित.”

पेपरवाल्यांना ‘कदाचित’चं भारी वावडं. दुसऱ्या दिवशी मथळा आला: ‘नशिराबादच्या कन्येने शोधलं विसरण्यावर औषध!’

कशिशने तेव्हाच फोन करून त्याचे कान उपटायला हवे होते. पण अब्बांनी ते कात्रण लॅमिनेट करून दुकानात टांगलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते वाचून तिलाही गुदगुल्या झाल्या होत्या. ईदला घरी आली, तर चौकात तिचा हा एवढा फ्लेक्स! मंडळाने सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला, तिला बोलायला उभं केलं. समोर अब्बा नव्या कुर्त्यात बसलेले. तिने सगळ्यांचे आभार मानले. औषधाबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उखर्डू नाना बायकोला, भिकुबाईला, घेऊन दारात हजर. अमळनेरकडच्या खेड्यातलं हे अब्बांचं जुनं गिऱ्हाईक. सत्कारासाठीच दोघं आले होते आणि रात्री भाचीकडे राहिले होते. भिकुबाई ओट्यावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, पुन्हा सोडवत होती. अब्बा चहाचं बघायला आत गेले, तसे नाना पुढे सरकले.

“बेटा, तुनं औषध कवय ई? पेपरमा वाचं नि मी धुयाना डॉक्टरन्या बठ्ठ्या गोया बंद करी दिन्यात. कालदिन तिले मना नावबी आठवनं नही.”

तिचं औषध आता येईलच, या भरवशावर नानांनी भिकुबाईच्या धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्याच थांबवल्या होत्या. त्या गोळ्यांनी आजार बरा होणार नव्हता, पण घसरण जरा धिमी होत होती.

“नाना, औषध नाही,” ती कशीबशी म्हणाली. “आम्ही नुसत्या पेशी बघतो. आजच डॉक्टरांना विचारा आणि गोळ्या सुरू करा.”

नाना रागावले नाहीत. “मंग काल स्टेजवर का बरं सांगं नही? मी समोरच बठेल व्हतू.”

धरणीने पोटात घ्यावं, असं तिला झालं. अब्बांचा आनंद जपायला गप्प बसले, ही सबब तिच्या ओठांवर आली होती, पण तिची तिलाच लाज वाटली. शाल तिला स्वतःलाच हवी होती.

अब्बा चहा घेऊन आले. “काय नाना, कधी येतंय म्हणते औषध?”

नानांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. “टाइम लागी, नासीरभाऊ. पोर मेहनत करी ऱ्हायनी.”

ज्याचं नुकसान केलं तोच तिच्यावर पांघरूण घालत होता. ते तिला सोसवेना.

“अब्बा, औषध नाहीच. कधी नव्हतंच. काल मला माहीत होतं, तरी मी बोलले नाही. माझ्यामुळे यांनी गोळ्या थांबवल्या.”

अब्बांनी कपबशा खाली ठेवल्या. त्यांनी लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. “आधी त्यांची माफी माग,” भिकुबाईकडे हात करून ते म्हणाले.

कशिश भिकुबाईपुढे बसली, तिचे दोन्ही हात धरले आणि रडत रडत माफी मागितली. भिकुबाईने सगळं नीट ऐकून घेतलं, पदराने तिचे डोळे पुसले आणि मायेने विचारलं, “कोन शेस वं माय तू?”